मोठा फोन घ्यावा का? डोळ्यांचं सुख आणि मनगटाचा भार

मैत्रिणींनो, घरात नवी वस्तू आणायची म्हणजे आपण केवढी चौकशी करतो! मिक्सर घेताना भांडी किती, मोटर किती वॅटची, दुरुस्ती जवळपास होते का, हे सगळं विचारल्याशिवाय पैसे मोजत नाही. साधी कढई घेतली तरी कान धरून उचलून बघतो. पण दिवसातून शंभरदा जी वस्तू हातात घ्यायची, तो मोबाइल फोन मात्र पुष्कळ घरांत बाईच्या हाती कसा येतो? एक तर मुलाने नवा घेतला म्हणून त्याचा जुना आईकडे येतो, नाहीतर वाढदिवसाला बंद खोक्यातून. दोन्ही वेळा निवड दुसऱ्याचीच. आणि देणाऱ्याची समजूत अशी, की जितकी मोठी स्क्रीन तितकी आई खूश!

मोठ्या स्क्रीनचे फायदे खरे आहेत. पण तिचा त्रासही खरा आहे, आणि तो सोसायचा असतो आपल्या मनगटाला. म्हणून या दोन्ही बाजू आज नीट निवडून-पाखडून पाहू या.

हा मोठेपणा आला कुठून?

सुरुवातीचे फोन मोठे नव्हते. २००७ साली ॲपल कंपनीचा पहिला आयफोन आला तेव्हा त्याची स्क्रीन अवघी ३.५ इंच होती आणि वजन १३५ ग्रॅम. २०११ साली सॅमसंगने ५.३ इंचांचा 'गॅलेक्सी नोट' काढला तेव्हा लोक हसले. कानाला पाटी लावून बोलायचं की काय, अशी त्याची थट्टा झाली. फोन आणि टॅब्लेट यांच्या मधला म्हणून अशा फोनला 'फॅब्लेट' असं नावही पडलं. पण लोकांनी तो घेतला. २०१४ साली ॲपलनेही ५.५ इंचांचा फोन काढला. आज साडेसहा इंचांच्या पुढचा फोन कोणाला मोठा वाटेनासा झाला आहे.

कारण उघड आहे. पूर्वी फोन बोलण्यासाठी होता, आता तो बघण्यासाठी आहे. वीजबिल त्यावरच भरायचं, भाजीवाल्याचे पैसे त्यावरच द्यायचे, परगावच्या लेकीचं तोंडही त्यावरच पाहायचं. कान मागे पडला आणि डोळा पुढे आला!

इंचांचा हिशेब : लांबी पाहू नका, पन्हा पाहा

दुकानदार '६.७ इंच' म्हणतो तेव्हा तो स्क्रीनची रुंदी सांगत नसतो. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप सांगत असतो. इथेच गफलत होते. कापड घेताना आपण नुसते मीटर विचारत नाही, पन्हाही विचारतो. फोनचंही तसंच.

एक उदाहरण पाहा. २०११ चा तो ५.३ इंचांचा 'नोट' साधारण ८३ मिलिमीटर रुंद होता. २०२४ सालचा 'गॅलेक्सी एस २४ अल्ट्रा' ६.८ इंचांचा, पण रुंदीला ७९ मिलिमीटर. म्हणजे इंच वाढले दीड आणि अंगाचा पन्हा उलट कमी झाला! एक तर स्क्रीनभोवतीची पट्टी बारीक झाली आणि दुसरं म्हणजे स्क्रीनचा आकारच उंच, सडपातळ झाला. पूर्वीच्या ५.५ इंची फोनची स्क्रीन सुमारे ६.८ सेंटिमीटर रुंद आणि १२.२ सेंटिमीटर उंच असे. आजच्या उभट ६.७ इंची फोनची स्क्रीन सुमारे ७ सेंटिमीटर रुंद आणि १५.५ सेंटिमीटर उंच असते. वाढ सगळी उंचीत!

याचा आपल्या दृष्टीने अर्थ काय? मोठ्या फोनवर ओळ फारशी रुंद होत नाही, एका वेळी ओळी जास्त दिसतात. तेव्हा जुना ५.५ इंची टाकून ६.७ इंची घेतला की अक्षर आपोआप टपोरं दिसेल, असं समजू नका. अक्षर मोठं करावं लागतं सेटिंगमधून, आणि ते लहान फोनवरही करता येतं. फरक इतकाच, की लहान फोनवर अक्षर मोठं केलं की चारच ओळी दिसतात आणि सारखं बोट सरकवावं लागतं. मोठ्यावर दहा-बारा ओळी मावतात.

डोळ्यांचं सुख

चाळिशी आली की जवळचं अंधुक दिसू लागतं. आपल्या भाषेत तर चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणतात! डोळ्यांतलं भिंग वयाबरोबर ताठर होतं, हे त्यामागचं कारण. अशा वेळी मोठी स्क्रीन खरोखर उपयोगी पडते. अक्षर मोठं करूनही मजकूर तुटक होत नाही, आणि फोन जरा लांब धरूनही वाचता येतं.

दुसरा फायदा टायपिंगचा. मराठी कीबोर्डवर अक्षरांची गर्दी फार. लहान स्क्रीनवर 'प' दाबायला जावं तर शेजारचंच अक्षर उमटतं. मोठ्या स्क्रीनवर कळा जरा सुट्या पडतात.

तिसरा फायदा पैशांच्या व्यवहारात. पाचशेचे पाच हजार व्हायला एक शून्य पुरतं. रक्कम आणि नाव दोन्ही ठळक दिसलं तर 'पाठवा' म्हणण्याआधी आपण स्वतः तपासू शकतो. "अरे, जरा बघ रे, बरोबर आहे ना?" असं म्हणून दर वेळी फोन मुलाच्या हातात द्यावा लागत नाही. ही मोकळीक लहान नव्हे. ज्या बाईला स्वतःचा आकडा स्वतः वाचता येतो, तिचा पिनही तिच्याजवळच राहतो.

शिवाय सातबाऱ्याचा उतारा, बँकेचं स्टेटमेंट, रेल्वेचं तिकीट असे कागदी आकाराचे मजकूर मोठ्या स्क्रीनवर कमी ओढाताणीने वाचता येतात. स्वयंपाकघरात वर पाककृती आणि खाली घड्याळ, असे स्क्रीनचे दोन भागही करता येतात. आणि अंग मोठं म्हणून आत बॅटरीला जागाही जास्त. आज ५००० एमएएचची बॅटरी सर्रास असते. मोठी स्क्रीन वीजही जास्त खाते हे खरं, पण बेताने वापरलं तर सकाळचं चार्जिंग रात्रीपर्यंत पुरतं.

मात्र इथे एक मेख आहे. स्क्रीन मोठी असली म्हणजे ती स्पष्ट असतेच असं नाही. स्क्रीन बारीक ठिपक्यांची बनलेली असते. स्वस्त फोनमध्ये पुष्कळदा 'एचडी प्लस', म्हणजे सुमारे ७२० बाय १६०० ठिपके असतात. ६.७ इंचांवर ते पसरले की एका इंचात २६२ ठिपके येतात. 'फुल एचडी प्लस', म्हणजे १०८० बाय २४०० असतील, तर ३९३ येतात. जोडाक्षरं, रफार, अनुस्वार यांत हा फरक पटकन जाणवतो. तेव्हा नुसते इंच विचारू नका, 'एचडी प्लस की फुल एचडी प्लस?' हेही विचारा. नाहीतर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

मनगटाचा भार

आता दुसरी बाजू. वर सांगितलेला एस २४ अल्ट्रा २३२ ग्रॅमचा आहे. त्यावर कव्हर आणि काच चढवली की पाव किलोचा मामला झाला. पाव किलो काही जड नाही, असं तुम्ही म्हणाल. बाजारातून आणायला नाहीच. पण तेवढंच वजन एका हाताच्या चार बोटांवर तोलायचं, करंगळी खालून टेकू म्हणून द्यायची, आणि अंगठा ताणून वरच्या कोपऱ्यापर्यंत न्यायचा, हे अर्धा तास करून बघा!

अंगठ्याकडच्या बाजूला मनगटातून दोन स्नायुरज्जू एका अरुंद खोबणीतून जातात. अंगठ्याची तीच ती हालचाल सतत झाली की तिथलं आवरण जाड होतं आणि दुखू लागतं. स्विस सर्जन फ्रिट्झ द केर्व्हां यांनी १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखलं जातं. इंग्रजीत त्याचं जुनं नाव आहे 'धोबिणीची लचक', कारण कपडे पिळणाऱ्या बायकांना ते व्हायचं. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतं, आणि तान्हं बाळ सारखं उचलणाऱ्या आयांमध्ये तर विशेष. म्हणजे पिळणं, लाटणं, बाळ उचलणं यांनी जे मनगट आधीच दमलेलं आहे, त्यावरच आपण फोनचा भार टाकतो. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल, डबा उघडताना किंवा कढई उचलताना हात सुटत असेल, तर तेल चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि फोन दोन्ही हातांनी धरायची सवय लावा.

मानेचंही तसंच. आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. मान खाली घालून बघत बसलो की तो सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. जड फोन हात खाली आणतो, आणि हातापाठोपाठ मान खाली जाते.

आता घरातल्या अडचणी बघा. साडीला खिसा नसतो. पंजाबी ड्रेसला असला तरी चार बोटांचा. मोठा फोन मग ओट्यावर, फ्रिजवर, देवघराशेजारी, कुठेही ठेवला जातो आणि तिथून पडतो. मोठी काच पडली की फुटण्याची धास्तीही मोठी. ओल्या किंवा पिठाच्या हाताला स्क्रीन धड दाद देत नाही, आणि धुणी-भांडी करून सुरकुतलेल्या बोटाचा ठसा फोन पुष्कळदा ओळखत नाही. म्हणून ठशाबरोबर पिनही ठेवावा आणि एकाऐवजी दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे नोंदवावेत.

आणखी एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. मोठी स्क्रीन आपल्याला दिसते तशी शेजारच्यालाही दिसते! लोकलमध्ये, एसटीत, किराणाच्या रांगेत तुमचा निरोप आणि तुमची शिल्लक मागची बाई सहज वाचू शकते. पिन टाकताना दुसऱ्या हाताचा आडोसा करा.

डोळ्यांचं सुख म्हटलं, त्यालाही मर्यादा आहे. स्क्रीनकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. चित्र मोठं आणि छान म्हणून आपण बघतही जास्त बसतो. दर वीस मिनिटांनी वीसेक फूट लांबच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावं, असा डोळ्यांचे डॉक्टर सल्ला देतात. खिडकीतून समोरचं झाड बघा, तेवढं पुरे.

मग कोणी घ्यावा, कोणी टाळावा?

तुमचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, चष्मा आहे, फोन बहुतेक वेळ घरात बसूनच बघता, वाचन आणि व्हिडिओ कॉल जास्त आहेत, तर मोठा फोन अवश्य घ्या. टेबलावर टेकवायला एक लहानसा स्टँड आणा, म्हणजे हाताचा प्रश्नच मिटला.

रोज लोकलने किंवा बसने जात असाल, एक हात कडीला आणि एकाच हातात फोन, असा प्रकार असेल, तर सव्वासहा इंचांच्या आतला, १८० ग्रॅमपर्यंतचा फोन बरा. कडेवर मूल असेल तरी तोच बरा.

मुलांचा अभ्यास आणि आपलं वाचन हीच मोठी गरज असेल, तर वेगळा विचार करून पाहा. मध्यम फोन आणि घरात एक आठ-दहा इंची टॅब्लेट. मात्र लक्षात ठेवा, यूपीआयचे व्यवहार सिमकार्डाशी बांधलेले असतात. बँक फोनवरच राहू द्या आणि टॅब्लेट सगळ्या घराचा असू द्या. मुलाच्या हाती टॅब्लेट गेला तरी आपली बँक आपल्याजवळ!

घडीचे फोनही २०१९ पासून बाजारात आहेत. उघडला की वहीसारखा, मिटला की खिशात. दिसायला मोठे गोड! पण आतली स्क्रीन घडी पडावी म्हणून मऊ असते, तिला चरा लवकर पडतो, आणि किंमत ऐकून आपली मध्यमवर्गी छाती दडपते. हौस असेल तर घ्यावा, सोयीसाठी नव्हे.

एक खरी अडचण सांगायलाच हवी. कमी किमतीत जवळजवळ सगळे फोन साडेसहा इंचांच्या पुढचेच मिळतात. लहान फोन मिळतो तो बहुधा महागाचा. म्हणून पुष्कळजणींना मोठ्याशीच जमवून घ्यावं लागणार. त्याचेही उपाय आहेत, ते पुढे देत आहे.

दुकानात गेल्यावर

खरेदीला स्वतः जा. मुलगा बरोबर असू द्या, पण फोन तुमच्या हातात हवा. आणि पुढच्या परीक्षा करून पाहा :

१. फोन एका हातात धरून अंगठ्याने स्क्रीनच्या वरच्या पलीकडच्या कोपऱ्याला स्पर्श करा. पकड न सोडता जमलं तर हात आणि फोन यांचं जुळलं.

२. दहा मिनिटं हातात धरून उभ्या राहा. दुकानदार घाई करील, करू दे.

३. अक्षर मोठं करायला सांगा आणि एखादा मराठी मजकूर वाचा, एकदा चष्म्याने, एकदा चष्म्याशिवाय.

४. दुकानाच्या दाराशी उन्हात नेऊन बघा. आतल्या दिव्यात सगळ्याच स्क्रीन चमकतात.

५. नेहमीची पर्स बरोबर न्या आणि फोन आत जातो का, चेन लागते का, ते पाहा.

६. स्क्रीन फुटली तर बदलायला किती लागतील आणि कंपनीचं सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती लांब आहे, हे विचारा. हा खर्च कधी कधी फोनच्या किमतीचा चांगला मोठा हिस्सा असतो. कडेला वळवलेल्या स्क्रीनला संरक्षक काचही नीट बसत नाही. सपाट स्क्रीन परवडते.

७. पाण्याबाबत 'आयपी' आकडा विचारा. ५४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण, ६८ म्हणजे पाण्यात पडला तरी काही वेळ टिकावा. पण ही चाचणी गोड्या, स्वच्छ पाण्याची असते, साबणाच्या पाण्याची नव्हे. आणि आत पाणी गेल्याचं नुकसान वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

८. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार? गूगलने २०२३ च्या 'पिक्सेल ८' ला आणि सॅमसंगने २०२४ च्या 'एस २४' ला सात वर्षांचं आश्वासन दिलं. स्वस्त फोनना पुष्कळ कमी मिळतात. मुलाचा जुना फोन आईकडे येतो तेव्हा बहुधा हीच मुदत संपत आलेली असते, आणि त्याच फोनवर आपण बँक ठेवतो! जुना फोन घ्यावा लागला तर एवढं आधी तपासून घ्या.

९. पक्कं बिल घ्या. कीपॅडवर *#०६# दाबलं की फोनचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो बिलाशी जुळवा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. फोन हरवला तर पोलिसांत तक्रार करून सरकारच्या 'संचार साथी' या सेवेतून तो बंद करता येतो. तेव्हा हाच क्रमांक लागतो.

घरी आणल्यावर

मोठा फोन आला की पहिल्याच दिवशी ही कामं करून घ्या. सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' खाली अक्षराचा आकार वाढवा. तिथेच चिन्हांचा आकारही वाढतो. 'वन हँडेड मोड' सुरू करा, म्हणजे स्क्रीनचा वरचा भाग खाली सरकतो आणि अंगठा ताणावा लागत नाही. आयफोनमध्ये त्याला 'रीचॅबिलिटी' म्हणतात. कीबोर्डही एका बाजूला सरकवता येतो. रोजची चार ॲप स्क्रीनच्या खालच्या ओळीत ठेवा. लांब निरोप टाइप करण्याऐवजी माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोला, शब्द आपोआप उमटतात. पाठवण्याआधी मात्र एकदा वाचा, नाहीतर भलताच अर्थ व्हायचा!

फोनच्या मागे अडकवायची अंगठी किंवा मनगटाला अडकवायची दोरी किरकोळ पैशांत मिळते. ती जरूर लावा. स्क्रीन 'अमोलेड' असेल तर काळी पार्श्वभूमी ठेवा, बॅटरी वाचते. फोन उशीखाली ठेवून किंवा गॅसच्या शेगडीजवळ चार्ज करू नका. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि रात्री उताणं झोपून फोन डोळ्यांवर धरू नका. डुलकी लागली की हा पाव किलो नेमका नाकावर येतो!

तर मैत्रिणींनो, मोठा फोन वाईट नाही आणि लहान फोन कमीपणाचा नाही. तुमचा दिवस कसा जातो, डोळे काय म्हणतात, मनगट काय म्हणतं, यावर माप ठरवा. पुढच्या वेळी घरात फोनची गोष्ट निघाली की "तुम्हीच बघा, मला काय कळतं त्यातलं" असं म्हणू नका. "मी येते, हातात धरून बघते," असं सांगा.